आठवड्याची सुई: पेन हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

पेनचा खोका टेबलावर ठेवला की समोरून पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे मी आता इन्सुलिनवर गेलो का?" विचारणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो, सोबत आलेल्या बायकोचा त्याहून जास्त. नाही, हे इन्सुलिन नाही. ही मधुमेहासाठी आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा टोचायची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड या औषधांची सुई आहे; ओझेम्पिक, वेगोवी, मौंजारो ही त्यांची बाजारातली नावं. मी कोल्हापुरात एका मधुमेहाच्या दवाखान्यात डायबेटिस एज्युकेटर आहे. डॉक्टर औषध लिहून देतात. ते टोचायचं कसं, ठेवायचं कुठे आणि त्या आठवड्यात जेवायचं काय, हे माझ्या टेबलावर होतं. तिथे जे बोलते तेच इथे लिहिते आहे. औषध घ्यायचं की नाही आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. वाचून झाल्यावर मेडिकलमध्ये जाऊन पेन मागू नका.

सूचनांचा कागद दिला की लोक जिना उतरेपर्यंत निम्म्या विसरतात. पण हे औषध शरीरात कुठे जाऊन काय करतं एवढं एकदा डोक्यात बसलं, की बाकीचे नियम आपसूक सुचतात. म्हणून आधी ते.

आतड्यातून निघणारा निरोप

आपण जेवलो की लहान आतड्याच्या खालच्या भागातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. स्वादुपिंडाला म्हणजे पॅन्क्रियाजला ते सांगतं, अन्न आलंय, इन्सुलिन काढ. १९६०च्या दशकात संशोधकांना हे दिसलं होतं की तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी निघतं आणि तोंडाने दिलं तर बरंच जास्त. म्हणजे स्वादुपिंड फक्त रक्तातल्या साखरेकडे बघत नाही, आतड्याचंही ऐकतं. टाइप २ मधुमेहात हे ऐकणं कमी झालेलं असतं.

मग हे संप्रेरक बाहेरून का देऊ नये? दोन अडचणी होत्या. एक, ते पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. म्हणून सुई. (सेमाग्लुटाइडची गोळी आहे, रायबेल्सस नावाची, पण तिच्यात पोटातून शोषलं जाण्यासाठी वेगळं रसायन घालावं लागतं, उपाशीपोटी दोन घोट पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि एवढं करून त्यातलं जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं.) दुसरी अडचण जास्त अवघड. शरीरात डीपीपी-४ नावाचं एन्झाइम असतं, ते जीएलपी-१ ला दोनेक मिनिटांत तोडून टाकतं.

या दुसऱ्या अडचणीवरचा एक उपाय तुमच्यापैकी बरेचजण आधीच खात असाल. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या 'ग्लिप्टिन' गोळ्या त्या एन्झाइमला अडवतात, म्हणजे तुमचं स्वतःचं जीएलपी-१ थोडं जास्त टिकतं. लक्षात ठेवा, आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं की ग्लिप्टिनचा वेगळा फायदा उरत नाही, आणि डॉक्टर ती सहसा बंद करतात. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी लिहिलेली जुनी चिठ्ठी घरात तशीच चालू राहते आणि दोन्ही घेतली जातात, हे मी वारंवार बघते. पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. नावं पाठ म्हणून दाखवू नका, पाकिटंच आणा.

दुसरा उपाय निघाला एका सरड्याकडून. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले डॉ. जॉन एंग यांना १९९०च्या सुमारास त्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच काम करणारं, पण इतक्या पटकन न तुटणारं पेप्टाइड सापडलं. त्यावरून एक्झेनाटाइड हे औषध तयार झालं आणि २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. हे सांगितल्यावर आमच्याकडचे शाकाहारी काका हमखास विचारतात, "म्हणजे यात सरडा आहे?" नाही. आजच्या पेनांत सरड्याचं काही नाही.

सेमाग्लुटाइडमध्ये माणसाच्याच जीएलपी-१ चा साचा घेतला आहे. जिथे एन्झाइम तोडतं तिथलं अमिनो आम्ल बदललं, आणि साखळीला मेदाम्लाची एक शेपटी जोडली. बसमध्ये खांबाला धरून उभं राहावं तसं त्या शेपटीने हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं आणि सात दिवसांनीसुद्धा साधारण निम्मं शिल्लक असतं. टिर्झेपाटाइडचं निम्मं व्हायला पाचेक दिवस लागतात. रोज टोचायच्या लिराग्लुटाइडचं तेरा तासांत होतं. या एका गोष्टीतून पुढचे कितीतरी नियम निघतात: आठवड्यातून एकदाच टोचायचं, डोस हळूहळू वाढवायचा, मळमळ सुरू झाली तर ती एका दिवसात जात नाही, आणि शेवटच्या सुईनंतरही औषध चार-पाच आठवडे अंगात राहतं.

चार ठिकाणी काम

स्वादुपिंडात ते इन्सुलिन वाढवतं, पण रक्तातली साखर वाढलेली असेल तेव्हाच. साखर खाली आली की हा जोर आपोआप ओसरतो, म्हणून नुसत्या या औषधाने साखर धोकादायक खाली जाणं विरळ. त्याच वेळी ग्लुकॅगॉन हे उलट काम करणारं संप्रेरक ते दाबतं, त्यामुळे यकृत साखर कमी सोडतं. उपाशीपोटीची शुगर उतरते ती मुख्यतः इथून.

जठर रिकामं व्हायचा वेग ते कमी करतं. आणि मेंदूत भूक-तृप्तीच्या केंद्रांवर काम करतं. हा परिणाम लोक ज्या शब्दांत सांगतात ते कुठल्या पुस्तकात नाहीत. "बेकरीसमोरून गेलो आणि घरी आल्यावर आठवलं की बेकरी होती." ज्यांना आयुष्यभर "तोंडाला आवर घाल" असं ऐकवलं गेलं, त्यांच्या चेहऱ्यावर हे सांगताना जे दिसतं, ते बघून मला वाटतं की या औषधाने वजनाइतकीच एक समजूतही हलवली: भूक हा स्वभावाचा दोष नसतो.

टिर्झेपाटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या आतड्याच्या संप्रेरकाचंही काम करतं. मौंजारो म्हणजे टिर्झेपाटाइड; भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. वेगोवी आणि ओझेम्पिक दोन्ही सेमाग्लुटाइडच, वेगोवी वजनासाठी आणि ओझेम्पिक मधुमेहासाठी. ही अनुक्रमे जून आणि डिसेंबर २०२५ मध्ये इथे आली. शेजारणीचं वेगोवी आणि तुमचं ओझेम्पिक एकाच वेळी चालू करायचा विचार कुणी करू नये, औषध तेच आहे.

उतरतं किती? २०२१ च्या स्टेप-१ चाचणीत मधुमेह नसलेल्या लोकांचं वजन २.४ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, बिनऔषधाच्या सुईवर २.४ टक्के. २०२२ च्या सरमाउंट-१ मध्ये टिर्झेपाटाइडच्या १५ मिलिग्रॅमवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. पण मधुमेह असलेल्यांमध्ये आकडे कमी येतात: सेमाग्लुटाइडवर ९.६ आणि टिर्झेपाटाइडवर १४.७. तेव्हा मधुमेह नसलेल्या मेहुणीशी स्वतःची तुलना करून तिसऱ्या महिन्यात रडत येऊ नका. आणि सरासरी म्हणजे सरासरी. काहींचं खूप उतरतं, काहींचं फारसं हलत नाही.

सुरू करण्याआधी

कंपन्यांच्या पत्रकावर वजनासाठीची अट बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, अथवा २७ आणि सोबत बीपी, मधुमेह, स्लीप ॲप्नियासारखं (झोपेत श्वास अडकणं) काही, अशी असते. आपल्याकडे मात्र २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. त्याचं कारण पुण्याच्या एका डॉक्टरांच्या फोटोत दिसतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपण काटकुळे दिसतो आणि आतून चरबीचे असतो. हे लक्षात ठेवा, जेवणाच्या भागात पुन्हा लागणार आहे. वजनकाट्याबरोबर पोटाचा घेरही मोजा: पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर काटा काहीही म्हणो, लक्ष द्यायला हवं.

घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, किंवा तुम्हाला स्वतःला, तर हे औषध घेऊ नये. थायरॉइड कमी असल्याची रोजची गोळी चालू असणं ही वेगळी गोष्ट, त्याने अडत नाही. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, कधी झाला असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. पित्ताशयात खडे असतील तर तेही. टाइप १ वाल्यांनी इन्सुलिनच्या बदली हे घ्यायचं नाही. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. का, ते वर आलंच आहे. टिर्झेपाटाइड घेणाऱ्या बायकांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवायची: गर्भनिरोधक गोळीचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे निरोध किंवा दुसरी सोय हवी. हे विचारायला लाजतात, म्हणून मी न विचारता सांगते.

डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. मधुमेह जुना असेल आणि साखर एकदम खाली आली तर आधीचा पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तर होतातच.

आता गोळ्यांचं गणित. नुसतं हे इंजेक्शन साखर फार खाली नेत नाही, पण सोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर नेऊ शकतं, कारण ती साखर किती आहे हे न बघता काम करतात आणि आता जेवणही निम्मं झालेलं असतं. डॉक्टर त्यांचा डोस सुरुवातीलाच कमी करतात. नवी चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा, जुनी फाडा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी असेल तर उलट्या होऊन जेवण थांबल्याच्या दिवशी ती घ्यायची का, हे आधीच विचारून ठेवा. मेटफॉर्मिन बहुतेक वेळा चालूच राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी वजन उतरलं आणि उठताना चक्कर येऊ लागली तर बीपीची गोळी जास्त होत असेल. घरी ठरवू नका, फोन करा.

डोसची शिडी

वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, मग ०.५, १, १.७ आणि २.४, प्रत्येक पायरी चार आठवड्यांची. मौंजारो २.५ पासून, मग ५, आणि गरज असेल तर अडीच-अडीचने वाढत १५ पर्यंत. पहिली पायरी उपचाराची नसतेच, जठराला सवय लागावी म्हणून असते. "महिना झाला, अर्धा किलोसुद्धा नाही गेला, डोस वाढवा" असं म्हणत येणाऱ्यांना मी एवढंच विचारते: मळमळ किती दिवस होती? औषध आठवड्यागणिक साठत साठत चार-पाच आठवड्यांनी एका पातळीवर येतं. त्याच्या आत वर चढलात तर दोन डोसांचा भार एकदम जठरावर. आणि ५ मिलिग्रॅमवर सगळं छान चाललं असेल तर १५ ला पोचलंच पाहिजे असा नियम नाही. कमी डोसवर भागतं त्याचं पुढचं पेन पैशानेही हलकं पडतं.

टोचताना

वार ठरवा. शनिवारी रात्री टोचून रविवारी मटणाच्या तांबड्या रश्श्यावर बसणारे माझ्याकडे सोमवारी येतात. पहिले दोन दिवस पोट जास्त जड वाटतं, तेव्हा ज्या दिवशी घरचं साधं जेवण असेल त्याच्या आदल्या रात्रीचा वार निवडा. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी-नंतर, काही फरक पडत नाही.

हात धुवा. पेनवरचं नाव आणि डोस वाचा, घरात दोघं घेत असतील तर दोनदा वाचा. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं. गढूळ किंवा कण दिसले तर ते पेन बाजूला. नवी सुई लावा. प्रत्येक वेळी नवी. आतल्या हवेसाठी टोकावर थेंब आणून बघायचा असतो: मौंजारोच्या क्विकपेनमध्ये दर वेळी, ओझेम्पिकमध्ये नवं पेन पहिल्यांदा वापरताना. मग डोस फिरवा.

जागा: पोट, बेंबीपासून चार बोटं सोडून, नाहीतर मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, दंडावर दुसऱ्या कुणी टोचणार असेल तर. दर आठवड्याला जागा थोडी सरकवा. या सुया चार-पाच मिलिमीटरच्या असतात, सरळ घालायच्या. बटण शेवटपर्यंत दाबा, खिडकीत शून्य दिसलं तरी बोट उचलू नका, मनात सावकाश सहापर्यंत मोजा, मग सुई काढा. घाईने काढली की त्वचेवर थेंब राहतो, आणि तो थेंब म्हणजे वाया गेलेले पैसे, हे सांगितलं की कुणीच घाई करत नाही. सुई काढून टाका, पेनला लावून फ्रिजमध्ये ठेवू नका.

वापरलेल्या सुया घंटागाडीच्या पिशवीत नकोत, कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हातात जातात. जाड प्लास्टिकची, फिरकीचं झाकण असलेली बाटली घ्या, बाहेर 'सुया' लिहा, भरली की दवाखान्यात आणून द्या. आणि पेन नवरा-बायकोतसुद्धा वाटून घ्यायचं नाही, सुई बदलली तरी नाही. रक्ताचा अंश आत जाऊ शकतो.

चार डोसांच्या मौंजारो पेनमध्ये शेवटी थोडं औषध उरलेलं दिसतं. ते सिरिंजने ओढून पाचवा डोस काढायची युक्ती व्हॉट्सॲपवर फिरते. करू नका. डोस नक्की किती आला ते कळत नाही आणि पेन निर्जंतुक राहत नाही.

वार चुकला तर? सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत. त्यापुढे गेलं तर तो डोस सोडून नेहमीच्या वाराला पुढचा. दोन डोस कधीच एकत्र नाही. लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले असतील तर जुन्याच मोठ्या डोसवर थेट येऊ नका, जठर सवय विसरलेलं असतं; बहुतेक वेळा पायरी खाली उतरून सुरुवात करावी लागते.

फ्रिज, एसटी आणि मे महिना

न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, डब्यात घालून. मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरखालच्या ट्रेला चिकटून नको. गोठलेलं पेन वितळून पुन्हा पाण्यासारखं दिसतं, पण ते फेकायचंच. लाइट गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद फ्रिज काही तास थंड राहतो.

वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत ठरावीक दिवस बाहेर चालतं, क्विकपेनसाठी ते तीस दिवस आहेत. बाकीच्यांचे खोक्यातल्या पत्रकावर वाचा. पण ही सूट ३० अंशांची आहे आणि आपल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर त्याच्या वर जातं, म्हणून मी सगळ्यांना फ्रिजमध्येच ठेवायला सांगते. प्रवासात थर्मासची पिशवी, बर्फाचा पॅक रुमालात गुंडाळून, पेनला थेट टेकवायचा नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर पाच मिनिटंसुद्धा नको. विमानात हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह.

विकत घेतानाही हेच बघा. मेडिकलवाल्याने पेन फ्रिजमधून काढलं का? बिल दिलं का, बॅच नंबर आहे का? बनावट ओझेम्पिक सापडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये जगभर इशारा दिला होता. जिमच्या ट्रेनरकडून मिळणारी पांढरी पावडर, 'संशोधनासाठी' असं लिहिलेल्या कुप्या, यांना हातही लावू नका. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

ताटात काय

या भागावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. जठर सावकाश रिकामं होतंय, तर त्यात तेल ओतलं की काय होणार? मिसळीची तर्री, भजी, फरसाण, लग्नातली पंगत, यांनी मळमळ, करपट ढेकर, उलटी. पहिले दोन महिने छोट्या ताटलीत वाढून घ्या. पहिली "बास" आली की थांबा. पानात टाकायचं नाही हे संस्कार चांगले आहेत, पण मग कमी वाढून घ्या. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. चहा-बिस्किटावर दिवस काढायचा नाही.

कारण भूक मेली की माणूस जे सोपं ते खातो, आणि आपल्याकडे सोपं म्हणजे चहा, बिस्कीट, पोहे, खिचडी. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. याज्ञिकांचा तो फोटो आठवा: आपल्याकडे स्नायू मुळातच कमी. त्यातलेही गेले तर काट्यावर आकडा छान दिसेल आणि जिना चढताना पाय लटपटतील. म्हणून प्रत्येक जेवणात प्रथिनं आधी, भात-भाकरी नंतर. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असतं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच माशात वीस. मटकीच्या घट्ट उसळीच्या वाटीत सात-आठ. पातळ आमटीच्या वाटीत त्याच्या निम्मं, त्यामुळे "आम्ही रोज डाळ खातो" हे उत्तर मी मान्य करत नाही. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि भरपूर. पिठलं चालेल, तेल कमी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिन हवं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आणि बैठका. हे तालमींचं गाव आहे, कोल्हापूरकराला जोर-बैठका शिकवायची माझी हिंमत नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. नुसत्या रंकाळ्याच्या फेऱ्यांनी स्नायू टिकत नाहीत.

बद्धकोष्ठासाठी पाणी, पेरू, पालेभाजी, इसबगोल. तहानही कमी लागते या औषधावर, म्हणून बाटली समोर ठेवूनच बसा. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस. पाणी कमी पडलं की त्रास मूत्रपिंडाला.

उपवासाचं विचारतातच. नुसतं इंजेक्शन आणि मेटफॉर्मिन असेल तर एकादशीला साखर फार खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर एकादशी असो वा रोजा, आधी डॉक्टरांना विचारा. निर्जळी नको. साबुदाण्याची तुपकट खिचडी पोटात दगडासारखी बसेल, त्यापेक्षा दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, वरी.

ताबडतोब फोन कधी

पोटात असह्य दुखणं, पाठीत जाणारं, उलट्यांसह: पॅन्क्रियाटायटिस असू शकतो. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. एका डोळ्याने अचानक कमी दिसणं. चोवीस तास पाणीसुद्धा न टिकणं. पुढची सुई तोवर थांबवा आणि दवाखाना गाठा. कुठलंही ऑपरेशन, एंडोस्कोपी ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या सुईबद्दल आठवणीने सांगा, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.

पैसे आणि थांबणं

मौंजारो आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि पाचची ४,३७५ ला होती, आणि कुपी एका आठवड्याची. म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी. तरी हिशोब आधी करा, कारण स्टेप-१ मधल्या लोकांनी औषध थांबवलं तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. औषधाने आवरलेली भूक औषध गेल्यावर परत येते, त्यात तुमचा काही दोष नाही. मुलीच्या लग्नाच्या फोटोसाठी तीन महिने घेऊन सोडायचं असेल, तर मी स्पष्ट सांगते, ते पैसे दागिन्यात घाला.

थांबवायचंच असेल, तर गुपचूप थांबवू नका. शेवटच्या सुईनंतर सुरुवातीला फारसं काही बदलत नाही, आणि लोक म्हणतात, "बघा, औषधाशिवायही जमतंय." औषध अजून अंगात असतं म्हणून जमतं. औषध उतरत जातं तशी खरी भूक दार वाजवते, आणि मधुमेह असेल तर उपाशीपोटीची शुगरही चढू लागते. तेव्हा थांबायच्या दिवशीच सहा आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, दर सोमवारी सकाळी वजन आणि फास्टिंग शुगर वहीत लिहा, आणि दोन किलो वाढले की त्या तारखेची वाट न बघता या.